परसातल्या घराला दार

दादाने परसात फक्कीने घर आखलं होतं. मी वस्तीवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. पिशवी ओट्यावर टाकून हातपाय धुवायला मागे गेले, तर शेवग्याखालच्या साफ केलेल्या जमिनीवर पांढऱ्या रेघा दिसल्या. एक पाठीमागची, दोन बाजूच्या. चौथी रेघ नव्हतीच. दादा, माझा थोरला भाऊ, कमरेवर हात ठेवून त्या रेघांकडे असा बघत होता, की जणू त्या दुसऱ्याच कुणी ओढल्या आहेत.

"पोरांचं घर हाय," तो म्हणाला. "सचिननी नागापूरवरून फळ्या धाडल्यात. कंपनीतल्या खोक्याच्या. लई झ्याक लाकूड हाय."

"आणि पुढची भिंत?"

"हवा खेळती ऱ्हायला पायजे."

सचिन म्हणजे दादाचा मुलगा. तो आणि त्याची बायको दोघंही नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहेत, शनिवारी तेवढे कोपरगावला घरी येतात. त्यामुळे सात वर्षांची स्वरा आणि तिचा धाकटा भाऊ शंभू सध्या आजी-आजोबांजवळ वस्तीवरच असतात. स्वरा तिथेच पालथ्या घमेल्यावर गाल फुगवून बसली होती.

"आत्याआजी, तूच सांग आबांना. ह्याला घर म्हणतात का? हा एसटीचा थांबा आहे."

मला हसू आलं. दादाला आलं नाही.

"मला दार पाहिजे," स्वरा म्हणाली. "आणि दाराला कडी पाहिजे."

दादाने पायाने एक रेघ पुसली, वीतभर अलीकडे परत ओढली. "बघू," म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. त्याच्या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते स्वच्छ 'नाही' असतं.

त्यामागचं कारण मात्र घरातल्या जिवंत माणसांपैकी दोघांनाच ठाऊक आहे. एक तो आणि दुसरी मी. आणि आम्ही दोघं त्यावर आजपर्यंत चकार शब्द बोललेलो नाही.

फळ्या गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर काळे बाण छापलेले, पावसाच्या छत्रीचं चित्र, फुटक्या ग्लासाचं चित्र. जवळ गेलं की राळेचा उग्र, परदेशी वास येत होता. पण संध्याकाळी वारा फिरला आणि साखर कारखान्याकडून मळीचा तो आंबूस गोड वास आला, तशी मी तिथल्या तिथे पाच वर्षांची झाले. माघ महिना, उतरत चाललेली थंडी, हातातला उसाचा कांडका, आणि घरामागे ओळीने उभ्या राहिलेल्या कोप्या.

दिवाळी उरकली की जामखेडच्या अंगाने ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. बैलगाड्यांत भांडी, कोंबड्या, शेळ्या, म्हातारी माणसं आणि पोरं. आता जिथे पाण्याची टाकी आहे तिथपासून ओढ्यापर्यंत एका दिवसात गाव उभं राहायचं. बांबू वाकवून जमिनीत रोवायचे, वरून चटया टाकायच्या आणि त्यावर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. झाली कोपी. आत शिरायचं तर आमच्यासारख्या पोरांनाही मान लववावी लागे. आत धुराचा, घोंगडीचा, तेलाचा आणि वाळक्या पाचटाचा वास एकात एक मिसळलेला असे. त्या वासात झोप फार छान लागायची. आमच्या चिरेबंदी घरात तशी कधी लागली नाही.

शेवटच्या कोपीत कौसाबाई राहायची. तिची थोरली मुलगी अलका, दादाच्या वयाची; सकाळी आईबरोबर मोळ्या बांधायला जायची, दुपारी आमच्यात खेळायला यायची. धाकटं तान्हं. पहाटे अंधारातच टोळी उसाच्या फडावर निघायची. कौसाबाई तान्ह्याला पाजून झोळीत टाकायची, कोपीचं दार, दार कसलं, बांबूचा तट्ट्याच तो, लावायची आणि बाहेरून सुतळीने गच्च बांधून टाकायची.

"कुत्री लई वंगाळ, आक्का," ती आईला सांगायची. "मागल्या साली एका कोपीत शिरली हुती."

"माझ्या ओट्यावर निजव की," आई म्हणायची.

"न्हाई वो. जाग आली तर आपल्या कोपीत यावी. परक्या घरात लेकरू भितं."

मग ती कोयता खांद्याला लावून निघून जायची, आणि आत लेकरू, बाहेर सुतळीची गाठ. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. आई कामाला गेली की दार बाहेरून बांधायचं असतं, एवढंच आम्ही शिकलो.

आम्हीही परसात कोपी बांधली. शेवग्याच्याच जागी, तेव्हा तिथे बाभूळ होती. दादा दहा वर्षांचा. बांबू त्याने वाकवले, पाचट अलकाने अंथरलं. किती सुरेख बांधली होती ती! चूल होती, पाट्याचा दगड होता, करवंटीची भांडी होती. मी सगळ्यांत लहान, म्हणून रोज मीच तान्हं. मला कंटाळा यायचा, पण तान्हं झाल्याशिवाय आत निजायला मिळत नसे. दादा तोड्या, अलका त्याची बायको. दोघं काठ्यांचे कोयते खांद्यावर टाकून फडावर निघाले की अलका सांगायची, "दार बांद. कुत्री येत्याल." आणि दादा बांधायचा. उसाची मोळी बांधतात तशी गाठ तिनेच त्याला शिकवली होती. ओढली की आणखी घट्ट बसणारी.

त्या दुपारी मी पोत्यावर निजले होते. बाहेर पाऊस सुरू झाला असं वाटून जागी झाले. तडतड, तडतड, पाचटावर थेंब पडावेत तसा आवाज. माघात कुठला पाऊस? पण पाच वर्षांच्या पोरीला महिने कुठे कळतात. मग नाकाला गोड जळका वास आला. गुऱ्हाळावर काहिलीतला रस करपला की येतो तसा. मी दाराशी गेले. दार हललं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाठीमागच्या भिंतीतून आत आलेला एक हात. पाचट फाडत, ओरबाडत आलेला. मग दोन हात. मग उजेड आणि आईचा कधी न ऐकलेला आवाज. फडातलं पाचट कुणी पेटवलं, वारा कसा फिरला, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. आईने दादाच्या हाताला कोरफड लावली आणि आल्यागेल्याला सांगितलं की पोरगं चुलीवर पडलं. मला काय झालं होतं ते सांगितलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ती झोपेत होती, तिला कळलंसुद्धा नाही. चार दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर हलली. अलका जाताना आमच्याकडे आली नाही.

दादाचा डावा तळहात अजून गुळगुळीत चकाकतो. दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तरीही तो खिळा असा ठोकतो की बघत राहावं. रागही येतो मला त्याचा. एवढा हुशार माणूस, आणि पन्नास वर्षं एक गोष्ट गिळून बसला आहे.

रात्री भाकऱ्या थापताना वहिनी म्हणाल्या, "ह्यांचं आणि दाराचं काय वाकडं हाय, द्येव जाणे. मी लग्न करून आले तवा आमच्या खोलीला कडीच न्हवती. मी आपली रोज रातीला धान्याची कोठी सरकवून दाराला लावायची. सासूबाई सकाळी इचारायच्या, कोठी तिथं कशी गेली गं?"

आम्ही दोघी हसून बेजार झालो. दादा ताटावरून उठला.

स्वरा मात्र दादाचीच नात. तिने दुसऱ्या दिवशी दूध प्यायचं बंद केलं. "दार नाही तर दूध नाही." संध्याकाळपर्यंत वहिनींनी दादाचं डोकं खाल्लं, मीही थोडं खाल्लं. अखेर चौथी रेघ पडली. पण कशी? दादाने भिंत उभी केली, दार बसवलं आणि बाजूला दारापेक्षा मोठी खिडकी ठेवली. बैल डोकं घालेल एवढी. सचिनने पाठवलेली नवी कोरी कडी मात्र दिसेना. मी सगळ्या परसात शोधली. मग बघते तर दादाच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूला ओघळलेला.

"कडी कुठाय रे?"

"हरवली आसंल."

मी त्याच्या खिशाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही गप्प बसले, कारण आमच्याकडे असंच करतात.

शनिवारी स्वराने वास्तुशांत केली. वहिनींनी शिरा केला, दाराच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. दाराला बाहेरून धरायला दादाने लाकडाची मूठ बसवली होती. सचिन आणि सूनबाई जमिनीवर मांडी घालून जेवले आणि रविवारी संध्याकाळी नागापूरला परत गेले. शंभू त्यांच्या गाडीमागे बांधापर्यंत पळत गेला. स्वरा पळाली नाही. ती आपल्या घरात जाऊन बसली.

सोमवारी दुपार कलताना मी ओट्यावर शेंगा फोडत होते. दादा गोठ्यात होता. वास आधी आला.

गोड, जळका.

मी मान वर केली. ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी फडात पांढरा धूर उभा राहिला होता. आता बहुतेक जण पाचटाची कुट्टी करतात, जाळू नका म्हणून सगळीकडे सांगतात, तरी एखादा काडी लावतोच. ओढा मध्ये होता, वारा पलीकडे होता. इकडे यायचं काही कारण नव्हतं. हे सगळं मी स्वतःला समजावून सांगितलं. माझ्या हातातली शेंग मात्र फुटेना.

मग स्वरा परसातून आली. खांद्याला दप्तर, डोळ्यांना वहिनींचा जुना चष्मा. ऐटीत चालली होती.

"कुठे निघालीस गं?"

"ड्यूटीवर," ती म्हणाली. "शंभू झोपलाय. तू बाळ आहेस असं त्याला सांगितलंय. कुत्रं येईल म्हणून दार बांधून आले."

गोठ्याच्या दारात दादा उभा होता. त्याने धूर बघितला. त्याने शब्द ऐकले. हातातली बादली कधी खाली पडली ते मला कळलं नाही, दूध अंगणात पसरत गेलं आणि दादा पळत सुटला. साठीचा माणूस. मी त्याच्या मागे.

स्वराने ओढणी घेऊन दाराची मूठ तोरणाच्या खिळ्याला बांधली होती. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. दादा त्या गाठींना भिडला. डाव्या हाताची दोन बोटं मिटेनात, उजवा हात गाठीवरून घसरत होता. तो ओढत होता आणि गाठी आणखी बसत होत्या. "शंभू! शंभू!" त्याचा आवाज फाटला होता. "आलो, आलो रे, आलो!" त्याने भिंतीच्या फळीला नखं लावली. फाडायला. फळी कुठे फाटते? नखातून रक्त आलं.

बाजूच्या खिडकीतून शंभूचं डोकं बाहेर आलं. हनुवटीपर्यंत बिस्किटाचा चुरा.

"आबा," तो म्हणाला, "बिस्कीट संपलं."

मी त्याला खिडकीतून उचलून घेतलं. तो नीट होता, गरम होता, जड होता. धूर ओढ्यापलीकडेच होता, आता तर विरतही चालला होता. पण दादाला ते दिसतच नव्हतं. तो अजून गाठी सोडवत होता. वहिनी धावत आल्या, त्यांनी विळ्याने ओढणी कापली तेव्हा दार उघडलं, आणि रिकाम्या घरात बघून दादा मटकन खाली बसला.

मग तो स्वरावर असा ओरडला, की झाडावरचं साळुंक्यांचं जोडपं उडून गेलं. त्या पोरीने आयुष्यात त्याचा वरचा स्वर ऐकला नव्हता. तिचा चष्मा पडला. "आई पण असंच करते," ती हुंदके देत म्हणाली, "नागापूरला असताना आई पण बाहेरून कुलूप लावून जायची. मला वाटलं तसंच करतात."

वहिनी दोन्ही पोरांना घेऊन आत गेल्या. दादा पेचकस घेऊन आला आणि दाराचे स्क्रू काढायला लागला.

"काय करतोयस?"

"दार काढतो."

"आणि मग?"

"मग काय न्हाई. दार नको ह्या घराला. कुनाच्याच घराला दार नसावं."

पहिला स्क्रू मातीत पडला. मला एकदम संताप आला. वाकले, गुडघे कटकट वाजले, आणि त्याच्या हाताखालून त्या घरात शिरून मी दार ओढून घेतलं.

आत राळेचा वास होता. फटींतून संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. बाण छापलेल्या फळ्या दादाने उलट्या लावल्या होत्या, सगळे बाण खाली. जमिनीवर पोतं अंथरलेलं. स्वराला पोतं कुणी सुचवलं? मी त्यावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर पेचकस थांबला होता.

"भायेर ये."

"नाही येत."

"येडी का खुळी तू? साठीला आलीस."

"अजून पाच वर्षं आहेत."

फळीला काहीतरी घासलं. तो दाराला पाठ लावून खाली बसला असावा, कारण पुढचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला.

"तवा… तू हाक मारली हुती का गं?"

आई सगळ्यांना सांगायची, ती झोपेत होती. दादासमोरही किती वेळा सांगितलं असेल. त्याला बरं वाटावं म्हणूनच सांगत असणार. आणि त्याने एकदाही त्यावर विश्वास ठेवला नसणार. मीही तेच सांगू शकले असते. सोपं होतं.

"मारली होती," मी म्हणाले. "दादा, दादा म्हणून मारली होती. खूप वेळा."

मला भीती वाटली, की मी आता काय करून बसले.

"म्या ऐकली हुती," तो म्हणाला. "बांधावर हुतो. पयली हाक ऐकली, मला वाटलं खेळातलं तान्हं रडतंय. म्हनून… म्हनून थांबलो मी. गाठ बी मीच बांधली हुती."

"ठाऊक आहे मला. आणि भिंत कुणी फाडली?"

बाहेर माती खरवडल्याचा आवाज आला.

"दादा, भिंत कुणी फाडली?"

"म्या."

"मग झालं तर. मला त्या दिवसातलं आगीचं काहीच नीट आठवत नाही. आईसुद्धा नीट आठवत नाही. तुझा हात आठवतो. मी हाक मारली आणि तुझा हात आला. मला आयुष्यभर एवढंच आठवत आलंय. आणि हे तुला सांगायला मला पन्नास वर्षं लागली, कारण तू मेल्या कधी विचारलंच नाहीस!"

मी दार ढकललं. ते उघडेना, कारण तो त्याला टेकून बसला होता. "सरक," मी म्हणाले. तो सरकला. दार मी माझ्या हाताने उघडलं आणि रांगत बाहेर आले. दादा रडत होता. लहान मुलासारखा, उघड्या तोंडाने. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी त्याच्याशेजारी मातीत बसले. धूर विरला होता, तरी वास होता. आम्ही दोघांनी तो घेतला, काही न बोलता, पण ह्या वेळचं न बोलणं वेगळं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कडी काढली. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता.

"धर फळी," तो म्हणाला.

खाली पडलेला स्क्रू त्याने परत बसवला. बाहेरची मूठ काढून टाकली. तोरणाचे खिळे उपटले, एकूण एक. बाहेरच्या बाजूने हात फिरवून बघितला, सुतळी अडकेल असं काहीच राहिलं नाही ना म्हणून. मग रांगत आत गेला आणि शंभूचाही हात पोचेल अशा उंचीवर कडी बसवली. आतून. मी टॉर्च धरला होता. त्याची न मिटणारी दोन बोटं स्क्रूला आधार देत होती.

स्वरा आजीच्या पदरामागून बघत होती.

"जा," दादा तिला म्हणाला. "शंभूला घेऊन जा आत. आन् कडी लाव."

तिचा विश्वास बसेना. "खरंच लावू?"

"लाव. आतून लाव. भायेरून कदी न्हाई, कळलं? घरातल्या मानसानं लावायची, घरातल्या मानसानं उघडायची."

दोघं आत गेली. दार मिटलं. कडी सरकल्याचा आवाज आला तसा दादाचा हात माझ्या मनगटावर आवळला. आत खुसपुस चालली होती, भांडी वाजत होती. तो उभाच होता. मोठी खिडकी तिथेच होती, वाकून बघता आलं असतं. तो वाकला नाही. पुढे झाला आणि डाव्या हाताने दार वाजवलं.

"कोन हाय का घरात?"

आतून उत्तर आलं नाही. स्वरा चांगलीच रुसलेली होती, एवढ्यात उघडणार नव्हती. माझ्या मनगटाला रग लागली. दादाने परत वाजवलं नाही. हाकही मारली नाही. नुसता थांबून राहिला.

मग कडी सरकली.